सोळा बाइटांसाठी अडलेलं यंत्र

लिनक्स कर्नलची, म्हणजे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याची, ५.३ ही आवृत्ती १५ सप्टेंबर २०१९ला निघाली. त्याच्या आदल्या आठवड्यात कर्नलच्या विकसकांमध्ये एक वाद झाला. तो मी पहिल्यांदा वाचला तो गरजेपोटी, कारण माझ्या देखरेखीखालची काही यंत्रं त्याच दुखण्याने अडकत होती. गरज संपली तरी मी त्या वादाकडे पुन्हा पुन्हा जात राहिलो. इतकी जाणती माणसं, प्रत्येकाचं म्हणणं आपापल्या जागी खरं, आणि तरी निर्णय एकच घ्यायचा, तोही मोजक्या दिवसांत. असे प्रसंग आपल्या आसपासही घडत असतील, पण त्यातला शब्दन् शब्द लिहून ठेवलेला क्वचितच सापडतो.

तक्रार साधी होती. अहमद दरविश या विकसकाचा लॅपटॉप नव्या कर्नलवर लॉगिनच्या पडद्यापर्यंत पोचत नव्हता. कर्नल कोसळत नव्हतं, एररही येत नव्हती. सगळं जागच्या जागी उभं होतं, फक्त पुढे काही घडत नव्हतं. आधीच्या आवृत्तीवर तोच लॅपटॉप सुरळीत चालायचा. अशा वेळी जे करायचं तेच त्याने केलं: बायसेक्ट. चांगली आवृत्ती आणि बिघडलेली आवृत्ती यांच्या बरोबर मधली कमिट (कोडमधला एक नोंदलेला बदल) घ्यायची, कर्नल बिल्ड करायचं, यंत्र सुरू करून पाहायचं, मग उरलेल्या अर्ध्यातली पुन्हा मधली. दहा हजार कमिट असल्या तरी चौदा फेऱ्यांत नेमकी कमिट हाती लागते. काम कंटाळवाणं आहे आणि त्याबद्दल कुणी पाठ थोपटत नाही, पण आमच्या धंद्यात याहून प्रामाणिक काम मला माहीत नाही. कुणावर संशय आहे, कुणाचा कोड नेहमी बिघडतो, या सगळ्या गप्पा बायसेक्टपुढे गळून पडतात.

बायसेक्टने बोट दाखवलं ते एक्स्ट४ या फाइलसिस्टिममधल्या, म्हणजे डिस्कवरच्या फायली सांभाळणाऱ्या कर्नलच्या भागातल्या, एका छोट्याशा सुधारणेकडे. फायलींची माहिती ज्या तक्त्यात असते तो वाचताना एक्स्ट४ शेजारचे ब्लॉकही आगाऊ मागवून ठेवतं. या मागण्या डिस्ककडे सुट्या सुट्या जात होत्या. नव्या पॅचने, म्हणजे कोडमधल्या या सुधारणेने, त्या क्षणभर थोपवून, एकत्र जुळवून, मोठ्या मागणीच्या रूपाने पाठवल्या. बदल मोजक्या ओळींचा. डिस्कचे हेलपाटे कमी, वाचन जलद. त्यात काहीही चूक नव्हती.

मग डिस्क जलद झाल्यावर यंत्र अडकलं कसं?

लॉगिनचा पडदा उभा करताना, खिडक्या दाखवणाऱ्या एक्स विंडो सिस्टिमसाठी एक गुप्त खूण तयार करावी लागते. सोळा बाइटांची. ती कुणाला ओळखता येऊ नये म्हणून रँडम हवी, आणि त्यासाठी प्रोग्राम कर्नलचा गेटरँडम हा सिस्टिम कॉल (कर्नलकडे काम मागायचा ठरावीक मार्ग) वापरतो. गेटरँडमचा नियम असा की अंदाज बांधता येणार नाही असा पुरेसा ऐवज कर्नलकडे जमेपर्यंत उत्तर द्यायचं नाही, मागणाऱ्याला थांबवून ठेवायचं. या ऐवजाला सगळे एन्ट्रॉपी म्हणतात. तो १२८ बिट जमला की कर्नल तयार झालं असं धरत. तो जमायचा बाहेरच्या जगाच्या अनियमितपणातून: कळ नेमकी कोणत्या क्षणी दाबली गेली, डिस्कचं उत्तर किती वेळाने आलं, नेटवर्कवरून पॅकेट कधी आलं. प्रत्येक इंटरप्ट, म्हणजे उपकरणाने प्रोसेसरला दिलेली हाक, त्यात चिमूटभर भर घालत असे.

मागण्या एकत्र झाल्या तसे इंटरप्ट घटले, इंटरप्ट घटले तशी भरही घटली. १२८ बिटांची मजल गाठायच्या आधीच बूटच्या, म्हणजे यंत्र सुरू होण्याच्या, वेळची डिस्कवरची धावपळ संपली. आता लॉगिनचा प्रोग्राम सोळा बाइटांसाठी थांबलेला, बाकीचे त्याच्यासाठी थांबलेले. कुणीच काही करत नाही म्हणून डिस्क शांत, डिस्क शांत म्हणून इंटरप्ट नाहीत, आणि इंटरप्ट नाहीत म्हणून एन्ट्रॉपी नाही. शेतातल्या विहिरीवरच्या पंपाने हवा धरली की असंच होतं. पाणी ओढायला त्याच्या पोटात आधी पाणी लागतं. ते नसेल तर विहीर भरलेली असूनही तो नुसता फिरत राहतो, आणि कुणीतरी वरून बादलीभर पाणी ओतावं लागतं. अडकलेल्या यंत्राला कीबोर्डवरच्या चार कळा दाबल्या तरी पुरतं. पण त्या दाबायला कुणी समोर हवं.

माझ्या यंत्रांसमोर कुणी नसायचंच. मोठ्या सर्व्हरच्या आत चालणारी ती छोटी आभासी यंत्रं. ना कीबोर्ड, ना माउस, डिस्कसुद्धा खरी नाही. सुरू केली की पिंगला (यंत्र जागं आहे का, या नेटवर्कवरच्या हाकेला) लगेच उत्तर देत, पण एसएसएच, म्हणजे दुरून लॉगिन करायचा सुरक्षित मार्ग, काही केल्या उघडत नसे. नंतर लॉग पाहावा तर मध्ये मोठी पोकळी, त्यानंतर रँडमची तयारी झाल्याची कर्नलची एक ओळ, आणि तिला चिकटूनच एसएसएच सुरू झाल्याची नोंद. त्या दोन ओळींचं शेजारपण लक्षात येईपर्यंत मी नेटवर्कवर संशय घेत होतो. त्या काळात पुष्कळ जण तेच करत होते. जुलै २०१९मध्ये डेबियन १० (लिनक्सचा एक तयार संच, म्हणजे डिस्ट्रो) निघालं तेव्हा त्याच्या प्रकाशन-टिपणांतच इशारा होता की एन्ट्रॉपी कमी पडली तर बूट रेंगाळू शकतं आणि सेवा सुरू व्हायला वेळ लागू शकतो.

हे अचानक वाढलं त्याला कारण होतं. २०१८मध्ये गूगलच्या प्रोजेक्ट झीरो या सुरक्षा-संशोधकांच्या गटातल्या यान हॉर्न यांनी दाखवून दिलं की कर्नल स्वतःला गरजेपेक्षा लवकर तयार समजतं. ती चूक दुरुस्त झाली. दुरुस्ती योग्यच होती, पण त्यामुळे खरी वाट पाहण्याचा काळ लांबला आणि तोवर झाकलेलं दुखणं वर आलं. ५.३मधला एक्स्ट४चा पॅच हा त्या दुखण्याला लागलेला शेवटचा धक्का.

इथे कुणीही विचारेल की एवढी वाट पाहायचीच कशाला. असतील ते आकडे द्यावेत आणि मोकळं व्हावं.

याचं उत्तर २०१२ सालच्या एका संशोधनात आहे. नाडिया हेनिंगर, झाकिर दुरुमेरिक, एरिक वुस्ट्रो आणि ॲलेक्स हॉल्डरमन यांनी इंटरनेटवर उघड दिसणाऱ्या सार्वजनिक किल्ल्या (जोडीतली दुसरी, खाजगी किल्ली गुप्त असते) गोळा करून तपासल्या. आरएसए या सांकेतिकीकरणाच्या पद्धतीतली सार्वजनिक किल्ली म्हणजे मुख्यतः दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार. तो फोडणं अशक्यप्राय, यावरच सगळी सुरक्षा उभी. पण समजा दोन वेगवेगळ्या उपकरणांच्या किल्ल्यांमध्ये एक मूळ संख्या नेमकी तीच निघाली, तर? मग कुठलाही गुणाकार फोडायची गरजच नाही. दोन्ही किल्ल्यांचा मसावि काढायचा, सहावी-सातवीत शिकवतात तोच. सामाईक मूळ संख्या हातात येते आणि दोन्ही कुलपं उघडतात. या पद्धतीने त्यांना टीएलएस (नेटवरचा संवाद सांकेतिक ठेवणारी पद्धत) वापरणाऱ्या ०.५० टक्के यंत्रांच्या खाजगी किल्ल्या मिळवता आल्या. ऐकायला लहान वाटतं, पण जगभरात मोजलं तर ती हजारो उपकरणं होती, आणि त्यांतली बरीचशी राउटर, फायरवॉल अशी छोटी यंत्रं. ती पहिल्यांदा सुरू होताना, पोटात काहीही अनियमित जमलेलं नसताना, लगेच स्वतःची किल्ली बनवत होती. कारखान्यातून एकसारखी निघालेली, एकसारखी सुरू झालेली, म्हणून रँडम आकडेही एकसारखे.

लिनक्समध्ये कर्नलच्या आतून रँडम आकडे देण्याची सोय थिओडोर त्सो यांनी १९९४मध्ये केली. तिची दोन दारं होती. एक दार जमाखर्च पाहून अडवायचं, दुसरं, यूरँडम, कधीच अडवायचं नाही. बूटच्या पहिल्या क्षणी यूरँडमकडून मिळणारे आकडे कच्चे असत, आणि मागणाऱ्याला ते कच्चे आहेत हे कळायला मार्ग नव्हता. २०१४मध्ये ३.१७ आवृत्तीत गेटरँडम आला तो हे भोक बुजवण्यासाठी. लिबरेसएसएल या सांकेतिकीकरणाच्या लायब्ररीच्या विकसकांनी तो मागितला होता आणि ओपनबीएसडी या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिममधल्या तशाच कॉलचा नमुना समोर होता. एकदा तयार झालं की पुन्हा कधी अडवायचं नाही, पण तयार होईपर्यंत मात्र कुणालाही कच्चं द्यायचं नाही. मला हा नियम आजही सुंदर वाटतो.

त्सो हेच एक्स्ट४चेही प्रमुख. म्हणजे वादाची दोन्ही टोकं त्यांच्याच हातात होती: ज्या पॅचने यंत्र अडलं तो त्यांच्या फाइलसिस्टिममधला, आणि ज्या नियमाने अडलं तो त्यांच्या रँडमच्या कोडमधला. त्यांचं म्हणणं असं की एक्स्ट४ निर्दोष आहे आणि गेटरँडमचा नियमही योग्य आहे. लॉगिनच्या पडद्याला त्या क्षणी इतक्या पक्क्या आकड्यांची गरज नाही, तरी तो सर्वांत कडक दारावर जाऊन उभा राहतो, तर दुरुस्ती तिकडे व्हायला हवी. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांना हे पटणारं नव्हतं. कायमचं थांबवून ठेवू शकणारा कॉल हाच मुळात चुकीचा, असा त्यांचा रोख. काही सेकंद वाट पाहा, मग लॉगमध्ये जोरदार इशारा छापा आणि असतील ते आकडे द्या, असा त्यांचा पहिला प्रस्ताव होता.

यावर आलेली हरकत मला सगळ्या वादातली सर्वांत वजनदार वाटते. सोळा बाइट मागणारा प्रोग्राम पडद्यासाठी मागतोय की एसएसएचची कायमची किल्ली बनवण्यासाठी, हे कर्नलला कळत नाही. दोघांची मागणी हुबेहूब सारखी. पडद्याला कच्चे आकडे मिळाले तर बिघडत नाही. किल्लीला मिळाले तर ती कच्ची किल्ली पुढची पाच-दहा वर्षं त्या यंत्रावर राहील, सगळं नीट चाललेलं दिसेल, आणि कधीतरी कुणीतरी मसावि काढेल. अडकलेलं यंत्र निदान ओरडून सांगतं की मी अडकलोय. कमकुवत किल्ली एक अक्षर बोलत नाही.

पण दुसऱ्या बाजूलाही तोलामोलाचं म्हणणं होतं. सुरक्षित दारावर यंत्रच अडत असेल तर लोक त्या दाराकडे पाठ फिरवतात. जुना यूरँडम होताच, आणि त्याच्याकडे परत जाणं सोपं होतं. कुणी आपल्या प्रोग्राममध्ये स्वतःचाच कच्चा उपाय घुसडला असता. कुणी एन्ट्रॉपी पुरवणारा तिसराच प्रोग्राम, त्याच्या आत काय चालतं हे न पाहता, बसवला असता. हॅवेज्ड नावाचा असा प्रोग्राम त्या काळी सर्रास बसवला जायचा. वापरणाऱ्याला छळणारी सुरक्षा तो पहिल्या संधीला काढून टाकतो, हे सर्व्हर सांभाळणाऱ्या कुणालाही वेगळं सांगावं लागत नाही.

मग प्रोसेसरचं काय? इंटेल आणि एएमडीच्या प्रोसेसरमध्ये रँडम आकडा देणारी सूचनाच असते, ती वापरून प्रश्न मिटत नाही का? इथे विश्वासाचा मुद्दा येतो. चिपच्या आत आकडा कसा बनतो हे बाहेरून तपासता येत नाही, आणि २०१३मध्ये स्नोडेन यांनी उघड केलेल्या, अमेरिकी हेरगिरीबद्दलच्या कागदपत्रांनंतर तपासता न येणाऱ्या गोष्टीवर किल्ली टांगायची तयारी अनेकांची नव्हती. म्हणून ४.१९पासून हा पर्याय प्रत्येक डिस्ट्रोच्या मर्जीवर सोडलेला होता. शिवाय याच वादाच्या दोन महिने आधी, जुलै २०१९मध्ये, एएमडीचे नवे रायझन ३००० प्रोसेसर बाजारात आले, आणि त्यांची ही सूचना काही मदरबोर्डांवर दर वेळी एकच आकडा देत होती, सगळे बिट एक. सिस्टिमडी (बूटच्या वेळी बाकीच्या सेवा सुरू करणारा प्रोग्राम) त्यावर अडकून लिनक्स बूटच होत नव्हतं. बायोस (मदरबोर्डवरचा मूळ प्रोग्राम) बदलून ते दुरुस्त झालं. पण तपासता न येणाऱ्या चिपवर भरवसा ठेवू नये असं म्हणणाऱ्यांना आणखी पुरावा लागला नाही.

ओपनबीएसडीची रीत वेगळी. तिथे यंत्र बंद होताना थोडं रँडम बीज फाइलमध्ये जपून ठेवतात आणि पुढच्या वेळी बूटलोडर, म्हणजे कर्नल सुरू करून देणारा प्रोग्राम, ते कर्नलच्या हाती देतो, म्हणजे पहिल्या क्षणापासून काहीतरी पोटात असतं. फार व्यवस्थित विचार आहे. मात्र एकच साचा घेऊन त्याच्या शंभर प्रती काढल्या, जसं आभासी यंत्रांच्या बाबतीत रोज होतं, तर त्या शंभरांच्या पोटात तेच बीज जाण्याचा धोका असतो. लिनक्सला राउटरपासून महासंगणकापर्यंत सगळीकडे चालायचं असतं, आणि सगळ्यांचा बूटलोडर त्याच्या ताब्यात नसतो.

तर १५ सप्टेंबरला निर्णय झाला तो असा: एक्स्ट४चा पॅच मागे घ्यायचा. निर्दोष असलेला, डिस्क जलद करणारा, सगळ्यांनी मान्य केलेला पॅच. ५.३ जाहीर करताना टोरवाल्ड्स यांनी त्याचं कारण सविस्तर लिहिलं. मागे घेतलेल्या पॅचमध्ये बग नव्हता हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. उलट त्याने आपलं काम इतकं चोख केलं की त्याचा काडीचाही संबंध नसलेल्या भागातली अडचण उघडी पडली. आणि मग नियम सांगितला: कर्नलचा इंटरफेस बदलला का, जुना कोड मुळात चालायलाच नको होता का, हे प्रश्न इथे गैरलागू आहेत. काल ज्याचं काम चालत होतं त्याचं आज बंद पडलं का, एवढंच पाहायचं.

मला स्वतःला त्सो यांची बाजू तर्काने जास्त पटते. कच्च्या किल्लीची भीती मी हाडात घेऊन काम करतो. तरीही त्या रविवारी योग्य निर्णय टोरवाल्ड्स यांचाच होता असं मला ठामपणे वाटतं. ज्याच्या हातातला लॅपटॉप काळा पडदा दाखवून बसलाय त्याच्यासाठी फाइलसिस्टिम, रँडमचा कोड आणि लॉगिनचा प्रोग्राम हे तीन वेगळे विभाग नसतात. त्याने कर्नल नवीन केलं आणि यंत्र बंद पडलं, इतकंच त्याच्या पदरी आलेलं असतं. माझ्या कामाच्या जागी बिघाडानंतरच्या कितीतरी बैठकांना मी बसलोय. तिथे प्रत्येक विभाग आपला भाग बरोबर होता हे सिद्ध करून उठतो. तो खरंच बरोबर असतो, आणि ग्राहकाचं काम तेवढं अडलेलंच राहतं. म्हणून ज्याची चूक नाही हे सगळ्यांना मान्य आहे, त्याचाच पॅच मागे घेण्याचं धैर्य मला मोठं वाटतं. त्याला खाली न पाडता, तुझं काम उत्तम होतं असं सर्वांसमोर लिहून ते मागे घेणं तर त्याहून.

यातून मूळ प्रश्न सुटला नव्हताच. तो सुटायला आणखी दोन आठवडे लागले, आणि उपाय मला अतिशय आवडणारा आहे. २८-२९ सप्टेंबरच्या सुमारास टोरवाल्ड्स यांनी रँडमच्या कोडमध्ये एक छोटं फंक्शन घातलं. कुणी गेटरँडमच्या दारावर आलं आणि कर्नल तयार नसलं तर त्याने आता हातावर हात ठेवून बसायचं नाही. एक टायमर लावायचा आणि तो वाजेपर्यंत स्वतःच कामाचं चक्र फिरवत राहायचं, दर फेरीला प्रोसेसरचा सूक्ष्म घड्याळ-आकडा टिपत. आजच्या प्रोसेसरमध्ये कॅशचे थर असतात, पुढच्या सूचनांचे अंदाज बांधणारी यंत्रणा असते, निरनिराळ्या वेगाची घड्याळं असतात. त्यामुळे तेच चक्र दर वेळी किंचित वेगळा वेळ घेतं. तो किंचित फरक गोळा करायचा आणि टायमरच्या प्रत्येक ठोक्याला एक बिट जमा धरायचा. बहुतेक यंत्रांवर सेकंद-दीड सेकंदात १२८ बिट पुरे होतात.

हा अनियमितपणा खरोखर किती अंदाजाबाहेरचा आहे, यावर क्रिप्टोग्राफीवाल्यांचे आक्षेप आहेत आणि ते रास्त आहेत. साध्या, एका सरळ रेषेत सूचना चालवणाऱ्या प्रोसेसरवर तो किती टिकेल याची हमी देणं कठीण. टोरवाल्ड्स यांनीही तो परिपूर्ण असल्याचा दावा केला नव्हता. पण वर्तुळ तुटलं. ५.४मध्ये तो उपाय आला आणि त्याच आवृत्तीत मागे घेतलेला एक्स्ट४चा पॅच सन्मानाने परत आला. ५.६मध्ये अँडी लुटोमिर्स्की यांनी जुनी दारं सरळ केली: एकदा तयार झाल्यावर अडवणारं दार अडवेनासं झालं, आणि ज्याला कच्चे आकडे चालतात त्याने तसं उघडपणे सांगून मागावेत अशी वेगळी खूण गेटरँडमला मिळाली. पडदा आणि किल्ली यांच्यातला जो फरक कर्नलला कळत नव्हता, तो सांगायची निदान सोय झाली. माझी आभासी यंत्रं नव्या कर्नलवर गेल्यावर लॉगमधली ती पोकळी पुन्हा दिसली नाही, आणि हॅवेज्ड मी समाधानाने काढून टाकला.

२०२२मध्ये रँडमच्या कोडची धुरा जेसन डोनेनफेल्ड यांच्याकडे होती. त्यांनी जमलेला ऐवज घुसळणारी आतली जुनी एसएचए-१ ही पद्धत काढून तिच्या जागी ब्लेक२एस आणलं, कोडची आणि टिपांची मोठी साफसफाई केली, आणि ५.१८साठी एक धाडसी पॅच ठेवला: आता चक्र फिरवून एन्ट्रॉपी बनवता येते, तर यूरँडमनेही तयार होईपर्यंत थांबावं, म्हणजे कच्चे आकडे देणारं शेवटचं दारही बंद होईल. काही दिवसांतच अहवाल आले की काही आर्किटेक्चरवर, म्हणजे प्रोसेसरच्या काही घराण्यांवर, बूट अडकतंय. जुन्या एआरएमवर, एम६८केवर, आणखी काहींवर. ज्या प्रोसेसरमध्ये तो सूक्ष्म घड्याळ-आकडा नाही तिथे चक्र फिरवून काही मिळत नाही. पॅच मागे घेतला गेला, २०१९च्याच नियमाने. पुढे डोनेनफेल्ड यांनी मधला मार्ग काढला: यूरँडम मागितल्यावर चक्र फिरवून पाहायचं, जमलं तर उत्तम, नाही जमलं तर जुन्यासारखंच द्यायचं.

म्हणजे कच्चे आकडे मिळण्याचा धोका आज उरलाय तो नेमका साध्या, स्वस्त, घड्याळ नसलेल्या प्रोसेसरवर, आणि २०१२मध्ये ज्यांच्या किल्ल्या मसावि काढून उघडल्या होत्या त्या उपकरणांच्या जवळची जमात हीच. त्यांच्यासाठी बीज बूटलोडरने द्यावं, की बनवणाऱ्याने कारखान्यातच प्रत्येकात वेगळं घालावं, की कर्नलने आणखी काही शोधावं, यावर एकमत झालेलं नाही. मला कारखान्यातच घालणं बरोबर वाटतं. पण ते कर्नलच्या विकसकांच्या हातात नाही, आणि ज्यांच्या हातात आहे ते या चर्चेत सहसा बोलत नाहीत.